तेल आमचं, बॉयलर तुमचा

आयर्लंडमध्ये घरं भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळी मी परसातल्या हिरव्या टाकीचं झाकण काढून आत काठी घातली. ओली खूण जेमतेम चार बोटांवर आली. म्हणजे काटकसरीने आठवडाभराचं तेल. फोन करून पाचशे लिटर मागवलं, कारण आमच्या भागात त्याहून कमी घेऊन टँकर सहसा येत नाही. मग टेबलाशी बसून वर्षभराच्या पावत्या एकत्र लावल्या. हे पत्र त्या पावत्यांतून निघालं आहे, आणि ते तेलावरच्या कार्बन कराबद्दल आहे, म्हणजे इंधन जळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरच्या कराबद्दल.

मी कॅव्हन काउंटीत राहते. वृद्धाश्रमात केअर असिस्टंट आहे. नवरा एका कारखान्यात रात्रपाळी करतो, मुलगा शाळेत जातो. घर सत्तरच्या दशकातलं, बैठं, एकशे दहा चौरस मीटरचं, बीईआर ई१ (घर किती ऊर्जा खातं याची ए ते जी अशी प्रतवारी, त्यातलं खालच्या बाजूचं). तुम्ही घरं भाड्याने देता, म्हणजे हा ई१ काय असतो ते तुम्हाला समजावून सांगायला नको. जाहिरातीत ते अक्षर छापणं तुम्हाला बंधनकारकच आहे.

तुमच्यापैकी काहींना मी ओळखते. गणपतीत एका पंगतीला बसलो आहोत. तुम्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलात, तुटपुंज्या पगारात दिवस काढलेत, कर्ज काढून घर घेतलंत, पुढे नोकरी डब्लिनला किंवा कॉर्कला गेली तेव्हा ते विकायचं जिवावर आलं म्हणून भाड्याने दिलंत. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तो मनात ठेवूनच लिहिते आहे.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगते, की इथे ज्याला ‘होम हीटिंग ऑइल’ म्हणतात ते केरोसीन असतं. आपलं रॉकेल. मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं की आम्ही घर गरम ठेवायला वर्षाला एकोणीसशे लिटर रॉकेल जाळतो, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मिरजेत तिने रेशनच्या रांगेत डबा घेऊन काढलेल्या सकाळी मला आठवतात. ते निळं रॉकेल माणशी किती मिळणार यावर घरात बोलणी व्हायची. इथे तेच तेल परसातल्या टाकीतून नळीने बॉयलरला जातं, बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं. या देशात दहातली जवळजवळ चार घरं अशीच तापतात. गॅसची लाइन शहरांत आहे. आमच्यासारख्या भागात टाकी, नाहीतर पीट (दलदलीतली वाळवलेली जळाऊ माती), नाहीतर लाकूड.

तिकडे सरकारने रॉकेल वर्षानुवर्षं मुद्दाम स्वस्त ठेवलं. इकडे सरकार ते दरवर्षी मुद्दाम महाग करतं. कार्बन कर २०१० मध्ये टनाला १५ युरोने सुरू झाला. २०१२ मध्ये २० झाला आणि बरीच वर्षं तिथेच थांबला. २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या अर्थसंकल्पाने तो २६ वर नेला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते मालवण तालुक्यातल्या आपल्या वराड गावी गेले तेव्हाचे फोटो आपण सगळ्यांनी कौतुकाने एकमेकांना पाठवले होते. पुढच्या सरकारने २०२० मध्ये पुढची सगळी वाढ कायद्यातच लिहून टाकली: दरवर्षी साडेसात युरो, शेवटच्या वर्षी साडेसहा, आणि २०३० मध्ये टनाला १०० युरो. मे २०२५ पासून घरच्या तेलावर टनाला साडेत्रेसष्ट युरो झाला. ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने तो ७१ केला. पेट्रोल-डिझेलला तो लगेच लागू झाला, आमच्या तेलाला १ मे २०२६ पासून लावायचं त्यात ठरलं. हिवाळा सरल्यावर वाढवायची ही जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे.

टनाची भाषा घरात समजत नाही, म्हणून लिटरवर येते. एक लिटर केरोसीन जळलं की सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे साडेत्रेसष्टच्या दराने लिटरमागे सोळा सेंट कर. त्यावर साडेतेरा टक्के व्हॅट धरला की एकूण अठरा सेंट. हो, करावरही कर लागतो. आमच्या एकोणीसशे लिटरचे झाले सुमारे ३४६ युरो. ७१ च्या दराने तेवढ्याच तेलाला ३८७. २०३० मध्ये घर असंच राहिलं तर ५४० च्या वर. २०१० मध्ये याच तेलावर ८० युरोच्या आसपास पडले असते. आमच्या पावतीवर हा आकडा वेगळा येत नाही, लिटरच्या दरातच मिसळलेला असतो. त्यामुळे ‘यंदा तेल का वाढलं’ याचं उत्तर ज्याला जे हवं ते देतो.

दर मे महिन्यात आपल्या गटांमध्ये कार्बन कर रद्द करा म्हणून निरोप फिरतात, सह्या मागितल्या जातात. मी सही केली नाही आणि पुढेही करणार नाही. याचं कारण तुम्हाला सांगणं भाग आहे, नाहीतर बाकीचं पत्र नुसती कुरकुर वाटेल.

पहिलं म्हणजे आमचं कंबरडं मोडलं ते या कराने नव्हे. कोविडच्या वर्षी हजार लिटर तेल पाचशे युरोच्या आसपास मिळत होतं. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, तेच दीड हजाराच्या वर गेलं. त्या वेळी हजार लिटरमागे कार्बन कर व्हॅट धरून शंभर युरोही नव्हता. हजार युरोंची उडी बाजाराने घेतली होती. त्या मार्चमध्ये मी पेट्रोल पंपावरून वीस-वीस लिटरचे ड्रम आणले आहेत, एका वेळी पाचशे लिटरचे पैसे हातात नव्हते म्हणून. ड्रममधलं तेल लिटरमागे टँकरपेक्षा महाग पडतं, आणि ते विकत घेणारे कोण असतात हे त्या पंपाच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. माझ्या पुढे एक आजी होत्या, ड्रम उचलवत नव्हता म्हणून माझ्याकडे बघत होत्या. रॉकेलवर अवलंबून राहायचं म्हणजे कुठल्यातरी दूरच्या युद्धावर अवलंबून राहायचं, हे त्या वर्षी मी शिकले. कर रद्द झाला तरी ते अवलंबून राहणं संपत नाही.

दुसरं, मी ज्या जिल्ह्यातून आले तिथे २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचा पूर घरात शिरलेला माझ्या माणसांनी पाहिला आहे. एकेका पुराचं खापर एकेका गोष्टीवर फोडता येत नाही हे मला कळतं. पण हवा तापते आहे आणि पावसाचं तंत्र बिघडतं आहे, आणि ती तापवण्यात माझ्या टाकीतून वर्षाला जवळजवळ पाच टन कार्बन डायऑक्साइड जातो. त्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी हे मला मान्य आहे.

आता मुद्द्याकडे येते. कार्बन कराच्या पोटात एक साधा विचार आहे: तेल महाग झालं की माणूस तेल कमी जाळणारी सोय करेल. माळ्यावर इन्सुलेशन घालेल, जुना बॉयलर काढेल, हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब विजेच्या जोरावर आत आणणारं यंत्र) बसवेल. घर स्वतःचं असेल तर हा विचार बरोबर चालतो. कर त्याच्याच खिशाला लागतो, आणि निर्णयही त्याचाच असतो. पण भाड्याच्या घरात कर मी भरते आणि निर्णय तुम्ही घेता. मला भिंतीला एक खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं, मी बॉयलर कसा बदलू? कर टनाला १०० झाला काय किंवा ३०० झाला काय, मी फार तर एक खोली कमी तापवेन. ते मी आधीच केलं आहे. बैठकीची खोली आणि मुलाची खोली, संध्याकाळी तीन तास. आमच्या झोपायच्या खोलीत जानेवारीत श्वासाची वाफ दिसते. उत्तरेकडच्या भिंतीवर काळी बुरशी धरते, दर पंधरा दिवसांनी मी ती पुसते, ती परत येते.

गेल्या वर्षी मी घरमालकांना फोन केला. आपलेच आहेत, मराठी, मनाने चांगले. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन दोन तासांचा प्रवास करून येतात. बॉयलर वीस वर्षांचा झालाय, जाळलेल्या तेलातला पाव हिस्सा धुराड्यातून निघून जातो, माळ्यावरचं इन्सुलेशन दबून चपटं झालंय, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “वहिनी, पण तेल तुम्हीच भरता ना. मग मी पाच-सात हजार घातले तर मला त्यातून काय?”

ते रागाने बोलले नव्हते, खरंच विचारत होते. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. वर्षभर तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि वाचत गेले तसं कळलं की जगभर जिथे जिथे असा कर आहे तिथे हाच प्रश्न अडलेला आहे. एका देशाने त्याचं उत्तर कायद्यात लिहिलं आहे, ते तुम्हाला सांगायचं आहे.

जर्मनीतही घरच्या तेलावर आणि गॅसवर कार्बनची किंमत लागते, २०२१ पासून. सुरुवातीला तिथेही सगळा भार भाडेकरूवर होता. १ जानेवारी २०२३ पासून तिथे तो भार दोघांत वाटला जातो. वाटणी घर बघून ठरते. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती किलो कार्बन डायऑक्साइड निघतो ते काढायचं. बारा किलोच्या आत असेल, म्हणजे घर उत्तम बांधलेलं असेल, तर पूर्ण खर्च भाडेकरूचा, कारण तिथे वापर त्याच्या हातात आहे. मग पायरी पायरीने मालकाचा हिस्सा वाढत जातो, अशा दहा पायऱ्या आहेत. बावन्न किलो आणि त्याच्या वरचं घर असेल तर ९५ टक्के मालकाने द्यायचे, भाडेकरूने फक्त पाच. भाडेकरू स्वतः तेल भरत असेल तरी तो मालकाचा हिस्सा ठरलेल्या मुदतीत मागून घेऊ शकतो. मला हा कायदा वाचताना रडू आलं, खोटं सांगत नाही. कारण त्यात कुणावर आरोप नाही. घर जितकं गळकं तितका मालकाचा वाटा, एवढंच आहे.

मी आमच्या घराचा हिशोब त्या तक्त्यात घालून पाहिला. वर्षाला चार टन आठशे किलो भागिले एकशे दहा चौरस मीटर, म्हणजे चव्वेचाळीस किलोच्या जवळपास. जर्मनीत असतो तर ७० टक्के मालकांकडे गेले असते. ३४६ पैकी २४२ युरो. आणि हे अर्धं घर थंड ठेवून. नीट ऊब घेतली असती तर आम्ही आणखी वरच्या पायरीवर असतो.

आयर्लंडमध्ये असा कायदा नाही. इथे कराचा पैसा दुसऱ्या वाटेने परत येतो असं सांगतात, आणि ते खोटं नाही. वाढीव करातून २०३० पर्यंत साडेनऊ अब्ज युरो येतील असं धरून त्यातले पाच अब्ज घरांच्या डागडुजीसाठी, तीन अब्ज गरजूंच्या भत्त्यांसाठी आणि दीड अब्ज शेतीसाठी ठेवायचं ठरलं. पण आमच्या दारात त्यातलं काय येतं ते बघा. इंधन भत्ता २०२५ मध्ये आठवड्याला ३३ युरो, वर्षातून अठ्ठावीस आठवडे, जानेवारी २०२६ पासून ३८. तो मिळायला बहुतेकांना आधी सरकारचा एखादा विशिष्ट भत्ता किंवा पेन्शन चालू असावी लागते. आम्ही दोघं पूर्णवेळ काम करतो, आम्हाला नाही. ‘वॉर्मर होम्स’ योजनेत घराचं काम संपूर्ण फुकट होतं, पण ती स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांसाठी. २०२२ च्या मेमध्ये विजेवरचा आणि गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून नऊ टक्के केला, तो आजही नऊच आहे. आमच्या रॉकेलवर साडेतेराच राहिला. भाड्याने राहणारं, नोकरी करणारं, तेलावर घर तापवणारं कुटुंब या सगळ्या जाळ्यांच्या मधल्या भोकातून खाली पडतं. हे मी मंत्र्यांना आणि आमच्या भागातल्या खासदारांना इंग्रजीतून वेगळं लिहिते आहे. तुमच्याशी बोलायचं ते आपल्या भाषेत.

कारण मदतीचा जो दरवाजा मला बंद आहे, तो तुम्हाला उघडा आहे. २०११ पूर्वी बांधलेल्या घराच्या माळ्याला आणि भिंतींना इन्सुलेशन घालायला सरकारी ऊर्जा प्राधिकरणाचं, म्हणजे एसईएआयचं अनुदान मिळतं, आणि ते भाड्याने दिलेल्या घराच्या मालकालाही मिळतं. २०२५ मध्ये थर्मोस्टॅट, टायमर अशा नियंत्रणांना सातशे युरो होते. हीट पंपाला साडेसहा हजारांपर्यंत. शिवाय २०२३ पासून मालकाने भाडेकरू घरात असताना असं काम केलं तर घरामागे दहा हजार युरोंपर्यंतचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो, आणि ही सवलत पुढे चालू ठेवायचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. आमच्या घरमालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना असेल, मला शंका आहे. तुमच्या हिशोबनिसाला विचारा.

एकदम हीट पंप बसवा असं मी म्हणत नाही. गळक्या घरात हीट पंप बसवला तर विजेचं बिल रडवतं, आणि इथली वीज युरोपात फार महागांपैकी आहे. आधी माळा. तो एका दिवसाचं काम आहे. गरम पाण्याच्या टाकीला जाडजूड जॅकेट, खिडक्यांच्या फटी, प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र नियंत्रण. मग भिंती. बॉयलर किंवा पंप त्यानंतर. जुन्या तेलाच्या बॉयलरच्या जागी नवा तेलाचाच बॉयलर बसवायचं मनात असेल, तर मला विचाराल तर तो पैसा इन्सुलेशनवर घाला. नवा बॉयलर म्हणजे आणखी पंधरा-वीस वर्षं त्याच टँकरची वाट बघणं.

आणि काम होईपर्यंत? माझी तुमच्याकडे एक साधी मागणी आहे. तुमचं घर डी किंवा त्याखालच्या बीईआरचं असेल, तर त्या घरात भरल्या जाणाऱ्या तेलावरच्या कार्बन करातला निम्मा वाटा तुम्ही घ्या. जर्मनीतले सत्तर टक्के नकोत, निम्मा. आमच्या घरापुरते ते वर्षाला १७३ युरो, महिन्याला पंधरा युरोही नाहीत. भाडेकरूने टँकरची पावती पाठवायची, लिटर गुणिले नऊ सेंट, तेवढे पुढच्या भाड्यातून वळते करायचे. ७१ चा दर लागला की दहा सेंट. घर सुधारलं, अक्षर सी वर आलं, की ही वाटणी बंद. मग तेल कमी जाळणं ही आमची जबाबदारी, आणि आम्ही ती घेऊ.

यातून तुम्हाला काय, तर दर वर्षी मेमध्ये कर वाढेल तेव्हा तो तुम्हालाही थोडा टोचेल. माळ्याचं काम पुढच्या वर्षीवर ढकलताना त्या टोचण्याची आठवण येईल. ज्या माणसाच्या हातात बॉयलर आहे त्याच्यापर्यंत कर पोहोचावा, एवढ्यासाठीच मी पैसे मागते आहे. नुसत्या १७३ युरोंसाठी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

तुमचं म्हणणं मला ऐकू येतं आहे. कर्जाचे हप्ते वाढले, भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरमसाट लागतो, कारागीर मिळत नाहीत, मिळाले तर सहा महिन्यांची तारीख देतात. सगळं खरं आहे. भाडेकरू पण सारखे नसतात, खिडकी उघडी ठेवून हीटिंग चालू ठेवणारेही मी पाहिले आहेत. म्हणूनच निम्मा म्हणते, पूर्ण नाही. आणि एक विनंती हात जोडून: घराची सुधारणा केलीत तर ती सांगून आम्हाला बाहेर काढू नका. ज्या भाडेकरूने थंडीत दिवस काढले तोच त्या उबेत राहायला हवा.

मी ज्या आजी-आजोबांची सेवा करते त्यांच्यातले कितीतरी जण याच भागातल्या थंड घरांतून आलेले आहेत. त्यातल्या एक आजी रोज संध्याकाळी रेडिएटरला हात लावून बघतात, गरम आहे ना याची खात्री करतात, आणि मग कुणी बंद करणार नाही ना असं मला विचारतात. घरी आल्यावर मी माझ्या मुलाला तेच करताना बघते. त्याला अजून इतकं समजत नाही की हे घर आपलं नाही.

माझा टँकर शुक्रवारी येणार आहे. पावती आली की मी ती आमच्या घरमालकांना पाठवणार आहे, खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून: पाचशे लिटर, कार्बन कर व्हॅटसह ९१ युरो, तुमचा निम्मा साडेपंचेचाळीस. सोबत हे पत्र आणि एसईएआयच्या अर्जाचा दुवा. ते काय म्हणतात ते गटात कळवीन. तुमच्यापैकी कुणी आपल्या भाडेकरूशी असं ठरवलं, तर तेही जरूर कळवा.

तुमची नम्र,
कॅव्हनमधली एक भाडेकरू
नोव्हेंबर २०२५